आकडा आणि आलेख : अक्षरजुळणीच्या इतिहासातील एक प्रकरण

विल्यम प्लेफेअर ह्याचा ‘कमर्शिअल अँड पोलिटिकल ॲटलास’ हा ग्रंथ १७८६ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. काळ आडव्या अक्षावर व रक्कम उभ्या अक्षावर घेऊन व्यापाराचे चढउतार रेषेने दाखविण्याची जी पद्धत आज शाळकरी मुलासही ठाऊक असते, तिचे कूळ शोधू गेल्यास ते बहुधा ह्या ग्रंथापाशीच येऊन थांबते. प्लेफेअर हा पूर्वी बर्मिंगहॅम येथे जेम्स वॅट ह्याच्या कारखान्यात आरेखक होता. ग्रंथ सिद्ध होत असता वॅटने त्याला पत्राने एक सल्ला दिला. ज्या कोष्टकांवरून हे आलेख काढले ती कोष्टके खिळ्यांनी जुळवून आलेखांच्या सोबत छापावीत. तसे न केल्यास आलेखांचा सारा भार ग्रंथकाराच्या शब्दावरच पडेल, आणि ही माहिती आणली कोठून असे वाचक साहजिकच विचारील, असा त्या सल्ल्याचा आशय होता.

ह्या सल्ल्यात व्यवहारी शहाणपण आहेच. परंतु छपाईच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट सहज बोलून गेलेली आहे. कोष्टक हे खिळ्यांचे काम होते आणि आलेख हे तांब्याच्या पत्र्याचे. खिळ्याच्या उंचवट्यावर शाई लागते, तर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या खाचेत ती साठते. पहिल्यास सपाट दाब पुरतो, दुसऱ्यास रुळांचे निराळे यंत्र आणि ओलसर कागद लागतो. त्यामुळे आकडा जुळारी जुळवी, आलेख खोदकाम करणारा कोरी, आणि दोघांची गाठ पडलीच तर ती बांधणाऱ्याच्या टेबलावर पडे. कोष्टकात एखादा अंक मुद्रितशोधनात दुरुस्त झाला, तरी पत्र्यावरील रेषेला त्याची वार्ता नसे. आकडा व आलेख ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे असली, तरी कागदावर येईपर्यंत त्यांचा प्रवास दोन निरनिराळ्या वाटांनी होत असे, आणि त्या दोन वाटा एक करण्याचा खटाटोप पुढे दोनशे वर्षे चालू राहिला.

तंत्र बदलले, पण हा दुवा दीर्घकाळ बदलला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या पत्र्याची जागा छायाचित्रावरून केलेल्या जस्ताच्या ठोकळ्याने घेतली. ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा असल्यामुळे तो मजकुरातच बसविता येऊ लागला, ही सोय मोठी होती. परंतु मूळ आकृती आरेखकानेच काळ्या शाईने काढावयाची, तिच्यावरील अक्षरे हाताने लिहावयाची किंवा चिकटवावयाची, आणि मग ती ठोकळा करणाऱ्याकडे पाठवावयाची, हा क्रम कायम होता. एक बिंदू हलवावयाचा तर नवा ठोकळा करावा लागे. खर्चाच्या ह्या भीतीने किती चुकीचे बिंदू छापील ग्रंथांत राहून गेले असतील, ह्याची गणती करणे आता शक्य नाही.

मधल्या हाताला रजा द्यावी हा विचार प्रथम मांडला गेला तो आलेखांच्या बाबतीत नव्हे, तर कोष्टकांच्या. चार्ल्स बॅबेज ह्याच्या फरक-यंत्राची आठवण आज संगणकाचा पूर्वज म्हणून काढली जाते; तथापि त्या यंत्राचा अर्धा हेतू छपाईचा होता हे पुष्कळदा विसरले जाते. गणिती कोष्टकांतील चुका गणकाच्या होत तशाच त्या नक्कल करणाऱ्याच्या आणि जुळाऱ्याच्याही होत. म्हणून यंत्राने संख्या काढावी आणि त्यानेच तिचा ठसा मऊ साच्यात उठवावा, म्हणजे त्या साच्यावरून थेट छपाईचा पत्रा ओतता येईल, अशी बॅबेजची योजना होती. सरकारी मदत १८२३ साली सुरू झाली व १८४२ साली ती योजना सोडून देण्यात आली. त्याने १८४७ ते १८४९ ह्या काळात आखलेल्या दुसऱ्या यंत्राचा गणन करणारा भाग लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली आणि छापणारा भाग २००२ साली पुरा केला. त्या छापणाऱ्या भागात ओळींमधील अंतर व स्तंभांची रचना बदलण्याची सोय आहे. म्हणजे पानाची मांडणीही बॅबेजने यंत्राकडेच सोपविली होती. स्वीडनमधील गेऑर्ग व एडव्हार्ड शॉयट्झ ह्या पितापुत्रांनी १८५३ साली असे यंत्र प्रत्यक्ष चालविले, आणि इंग्लंडच्या १८६४ सालच्या आयुर्मान-कोष्टकांचा काही भाग त्यांच्या धर्तीच्या यंत्राने सिद्ध झाला. आकडा मनुष्याच्या हाताला न लागता कागदावर येऊ शकतो हे त्यामुळे दिसून आले. रेषेचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटावयास अक्षरजुळणीच संगणकाच्या ताब्यात जावी लागली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात जो ऑसाना ह्याने ‘ट्रॉफ’ ही जुळणीची आज्ञावली लिहिली. ती छायाजुळणी-यंत्राला अक्षर कोठे व केवढे उमटवावयाचे ते सांगे. ट्रॉफभोवती लहान लहान सहायक आज्ञावल्यांचे एक कुटुंबच उभे राहिले : समीकरणांसाठी एक, कोष्टकांसाठी एक, आकृत्यांसाठी एक. ह्या मालिकेत जॉन बेंटली व ब्रायन कर्निगन ह्यांनी ‘ग्रॅप’ ही आलेखांची भाषा आणली व १९८६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची थोरवी तिच्या साधेपणात होती. दोन खुणांच्या मध्ये नुसत्या संख्यांच्या जोड्या लिहिल्या, की चौकट, अक्षांवरील खुणा आणि बिंदू हे सर्व तीच ठरवी; संख्या दुसऱ्या फाइलीत असतील तर त्या फाइलीचे नाव सांगितले म्हणजे पुरे. ऑलिंपिकमधील ४०० मीटर शर्यतीच्या विजेत्यांच्या वेळा हे तिच्या निर्मात्यांचे आवडते उदाहरण होते. प्लेफेअरच्या पुस्तकात दोन यंत्रांवर छापले गेलेले दोन भाग येथे एकाच लिखाणात आले. आकडे हेच आलेखाचे मूळ लिखाण झाले, आणि वॅटची सूचना मुद्दाम अमलात आणण्याचे प्रयोजनच उरले नाही.

ट्रॉफच्या वाट्याला मात्र विद्यापीठांतील गणितज्ञांचे प्रेम आले नाही. ते दुसऱ्या एका प्रणालीला मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनल्ड क्नूथ ह्यांच्या ‘दि आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ साली छपाईस गेली होती. पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांची होती; नवी मुद्रिते छायाजुळणीची होती व ती क्नूथ ह्यांच्या मनास येईनात. तेव्हा जुळणीचे साधन आपणच करावे असे त्यांनी ठरविले. ‘टेक्’ ही ती प्रणाली होय. तिचे नाव ग्रीक शब्दावरून घेतलेले असून त्यातील शेवटचा वर्ण ग्रीक ‘खी’ आहे. काही महिन्यांचे काम म्हणून हाती घेतलेली ही गोष्ट वर्षानुवर्षे चालली आणि १९८२ साली नव्याने लिहिलेल्या रूपात स्थिरावली.

आलेखाच्या दृष्टीने टेक् प्रणालीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय प्रथमदर्शनी आलेखाशी असंबद्ध वाटतो. त्या काळी अपूर्णांकांचे गणित निरनिराळी यंत्रे निरनिराळ्या रीतीने करीत. त्याविषयीचे सर्वमान्य मानक १९८५ साली झाले. एका यंत्रावर ओळ जेथे तुटली तेथेच ती दुसऱ्या यंत्रावर, आणि वीस वर्षांनंतरही, तुटली पाहिजे, असा क्नूथ ह्यांचा आग्रह होता. यास्तव ओळी व पाने ठरविणारे सर्व गणित त्यांनी पूर्णांकांत बांधले. एका पॉइंटाचे ६५,५३६ भाग कल्पिले, आणि सर्व लांब्या ह्या भागांच्या पूर्ण पटीत मोजल्या. हा एक भाग दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा आहे; तेव्हा छपाईत त्याहून सूक्ष्मतेची गरज पडणार नाही हे उघड आहे. वरच्या बाजूची मर्यादा १६,३८४ पॉइंटांच्या किंचित आत, म्हणजे सुमारे पावणेसहा मीटर. एवढ्या मोठ्या पानाचे पुस्तक कोण छापणार?

पानासाठी ही मर्यादा पुष्कळ झाली. आकड्यांसाठी ती अपुरी होती. टेक्‌मध्ये दशांश असलेली संख्या हाताळावयाची तर ती लांबी समजून हाताळणे हाच जवळचा मार्ग होता, आणि लांबी १६,३८४ च्या पुढे जाऊ शकत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. हा आकडा पॉइंट म्हणून टेक्‌पुढे ठेवला, तर ‘माप फार मोठे आहे’ अशी तक्रार करून ती थांबते. तो लाखांत मांडून ११२३.७४ असा दिला तर चालतो. पण ही रूपांतराची कामगिरी पुन्हा मनुष्याच्या हातीच गेली, आणि मधला हात काढून टाकण्याचा हेतू तेवढ्यापुरता फसला. ज्या गुणामुळे टेक्‌वर विश्वास ठेवता येतो, त्याच गुणाने तिला आकड्यांच्या जगात आखूड केले. हा दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. क्नूथ ह्यांनी पान बांधण्याचे यंत्र केले होते, आणि त्यात रेघ म्हणून जी वस्तू होती ती आडवी किंवा उभी काळी पट्टीच काय ती होती. तिरपी रेघही त्यात नव्हती.

ह्या उणिवेतून जे मार्ग काढले गेले त्यांचा इतिहास कधी कौतुकाचा, तर कधी थोडा विनोदी आहे. लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांच्या ‘लाटेक्’मध्ये तिरप्या रेघा होत्या, पण त्या एका खास टंकातील तुकडे जोडून केलेल्या. म्हणून त्यांचा चढ −६ ते ६ ह्यांमधील पूर्णांकांच्या गुणोत्तरानेच सांगावा लागे. आकडेवारी अशी बेताने चढत नसते. शिकागो विद्यापीठातील मायकेल विचुरा ह्यांनी १९८७ च्या सुमारास ‘पिक्‌टेक्’ रचली. त्यांची युक्ती अशी की, वक्र रेषा म्हणजे अतिशय जवळजवळ ठेवलेले पूर्णविराम. टेक् पूर्णविराम जुळवू शकते, तेव्हा ती वक्र रेषाही जुळवू शकते! युक्ती निर्दोष होती. परंतु एका रेषेला हजारो पूर्णविराम लागत आणि त्या प्रत्येकाची नोंद यंत्राच्या स्मृतीत राही. थोडा मोठा आलेख आला की स्मृती भरे, आणि टेक् क्षमता संपल्याचे सांगून शेवटी ‘सॉरी’ म्हणत असे. हा शब्द त्या संदेशात खरोखरीच आहे.

दुसरा मार्ग आलेख बाहेर काढून आणण्याचा. टॉमस विल्यम्स व कॉलिन केली ह्यांची ‘ग्नूप्लॉट’ ही आज्ञावली १९८६ साली आली. पोस्टस्क्रिप्ट ही पानाच्या वर्णनाची भाषा त्या सुमारास प्रचारात येत होती, आणि टेक्‌मध्ये एक पळवाट क्नूथ ह्यांनी आधीच ठेवलेली होती : स्वतःला न कळणारा निरोप छापणाऱ्या यंत्राच्या आज्ञावलीकडे तसाच पुढे पाठविण्याची. त्या वाटेने बाहेरची आकृती पानात येऊ लागली. व्यवहारात हीच पद्धत रूढ झाली व पुष्कळ ठिकाणी ती टिकून आहे. परंतु तिच्यात जुन्या तांब्याच्या पत्र्याची काही लक्षणे परत आली. आलेखातील अक्षरे मजकुराच्या वळणाची नसत; आकृती लहान केली की अक्षरेही लहान होत; आणि फाइलीतील आकडे बदलले तरी आकृती कोणी नव्याने काढीपर्यंत जुनीच राही.

क्नूथ ह्यांचे शिष्य जॉन हॉबी ह्यांनी बेल प्रयोगशाळेत केलेली ‘मेटापोस्ट’ ही ह्या दोहोंमधली वाट होय. आकृतीतील अक्षरे ती टेक्‌कडूनच जुळवून घेई. तिच्यातही संख्या ४,०९६ च्या आत ठेवावी लागे. म्हणून हॉबी ह्यांनी तिच्यासाठी आलेखांचा जो जोडग्रंथ लिहिला, त्यात मोठ्या संख्या लघुगणकाच्या रूपात सांभाळल्या. नेपियरने सतराव्या शतकाच्या आरंभी मोठ्या गुणाकारांतून मनुष्याची सुटका करण्यास जे साधन काढले, तेच येथे मुद्रणयंत्राच्या उपयोगी पडले.

टेक्‌च्या आत राहूनच मोठ्या संख्यांचे गणित करावयाचे धाडस पुढच्या शतकात झाले. टिल टान्टाऊ ह्यांनी आपल्या प्रबंधातील आकृत्यांसाठी आरंभिलेली ‘पीजीएफ’ ही आज्ञावली २००५ पर्यंत पूर्ण रूपास आली. तिच्या पायावर क्रिस्टियान फॉयर्झेंगर ह्यांनी २००८ च्या सुमारास ‘पीजीएफप्लॉट्स’ उभारली. तिच्यात संख्या लांबी म्हणून न ठेवता तीन तुकड्यांत ठेवली जाते : धन की ऋण हे सांगणारा अंक, एक ते दहा ह्यांमधील संख्या, आणि दहाचा घात. महाराष्ट्राची लोकसंख्या अशा रीतीने १.१२३७४३३३ आणि ८ होते. ह्यांतील पहिली संख्या टेक्‌च्या मर्यादेत सहज मावते व दुसरी पूर्णांकच आहे. टेक्‌च्या मूळ सूक्ष्मतेमुळे शेवटचे काही अंक झडतात. परंतु दहा सेंटिमीटर उंचीच्या आलेखात त्याने पडणारा फरक मिलिमीटराच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. ज्या यंत्राला तिरपी रेघ येत नव्हती, त्याच्याकडून हे सारे केवळ शब्दांची अदलाबदल करवून घेतले आहे हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कामाची किंमत कळते. वेळ मात्र पुष्कळ लागतो. आणि म्हणून एकदा काढलेला आलेख निराळा साठवून ठेवण्याची सोय त्या आज्ञावलीस करावीच लागली. जुना ठोकळा अशा रीतीने मागच्या दाराने घरात आला म्हणावयाचा.

येथवर मधला हात गेला. त्याच्या जागी आली ती फाइल, आणि तिच्याबरोबर नव्या जातीच्या चुका आल्या. मोजमापाचे उपकरण किंवा हिशेबाची आज्ञावली आपली आकडेवारी बाहेर काढून देते ती बहुधा स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींच्या रूपात. ही चाल फोर्ट्रानच्या काळापासूनची आहे. पण तिचे रीतसर वर्णन इंटरनेटच्या दस्तऐवजमालेत ४१८० ह्या क्रमांकाखाली आले ते २००५ साली. तोवर ज्याने त्याने आपापली रीत चालविली होती. जर्मनीत व फ्रान्समध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच लिहितात. तेव्हा तेथील साडेतीन हा आकडा तीन आणि पाच अशा दोन स्तंभांत मोडतो. त्यावर तोड म्हणून त्या देशांत स्तंभ अर्धविरामाने तोडण्याचा प्रघात पडला, आणि पीजीएफप्लॉट्सला स्तंभ कशाने तुटतात हे विचारून घ्यावे लागले. भारतीय रीतीने लिहिलेला आकडा ह्याहून वाईट अवस्थेला जातो. ११,२३,७४,३३३ ह्याचे ११, २३, ७४ आणि ३३३ असे चार स्तंभ होतात, आणि महाराष्ट्राची लोकसंख्या अकरा इतकी दाखविली जाते. अशी चूक निदान डोळ्यांत भरते. टक्क्याचे चिन्ह टेक्‌मध्ये टिप्पणीची खूण असल्यामुळे त्याच्या पुढची ओळ गिळली जाते, ही चूक तितकी ढळढळीत दिसत नाही.

सर्वांत अवघड चूक मात्र चिन्हांची नव्हे, अभावाची आहे. फाइलीत एखाद्या वर्षापुढे ‘संख्या नाही’ अशी खूण असेल तर पीजीएफप्लॉट्स तो बिंदू टाकून देते व तशी नोंद आपल्या रोजनाम्यात करते. तो रोजनामा उघडून पाहणारा लेखक विरळा. पानावर मात्र आधीचा बिंदू आणि नंतरचा बिंदू सरळ रेघेने जोडलेले दिसतात. रेघ तोडावी असे लेखकाने स्पष्ट सांगितले तरच ती तुटते. भारताची जनगणना १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आली. २०२१ साली ती झाली नाही. ह्या मालिकेचा आलेख काढणाऱ्याने काही न सांगितल्यास २०११ पासूनची रेघ पुढच्या जनगणनेपर्यंत अखंड जाईल आणि २०२१ च्या उंचीवर जणू मोजदाद झाली असावी असा भास उत्पन्न करील. रिकाम्या जागी कोणी शून्य लिहिले तर देश ओस पडल्याचे दिसेल. ते तरी बरे, कारण त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

खोदकाम करणाऱ्याचा हात चुका करी हे खरे. पण प्रत्येक बिंदू कोरताना त्याची नजर त्या बिंदूवर असे, आणि आकडा नसेल तर त्याला थांबून विचारावे लागे. प्लेफेअरच्या त्या पहिल्या ग्रंथात ह्याचे एक बोलके उदाहरण आहे. स्कॉटलंडच्या व्यापाराची त्याला एकाच वर्षाची, १७८०-८१ ची, आकडेवारी मिळाली होती. एका वर्षाची रेघ होत नाही. तेव्हा त्याने रेघ ओढण्याचा मोह टाळून प्रत्येक देशाशी झालेला व्यापार आडव्या पट्ट्यांनी दाखविला. स्वतः प्लेफेअरला हा आलेख इतरांच्या मानाने कमी प्रतीचा वाटत होता. आज स्तंभालेख म्हणून सर्वत्र वापरला जाणारा प्रकार आकडे नसल्याच्या प्रामाणिक कबुलीतून जन्मास आला, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मराठी ग्रंथकारापुढे ह्या प्रकरणी आणखी एक प्रश्न उभा राहतो. फ्रान्स वेल्थुइस ह्यांनी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे १९९१ साली टेक्‌साठी देवनागरी टंक सिद्ध केला, आणि २००४ साली जोनाथन क्यू ह्यांची ‘झीटेक्’ आल्यापासून देवनागरी मजकूर जसा लिहावा तसा जुळविता येऊ लागला. परंतु टेक् संख्या म्हणून ओळखते ती शून्य ते नऊ ह्या रोमन अंकांचीच. देवनागरी ५ तिच्या लेखी अक्षर आहे, अंक नव्हे. त्याची बेरीज होत नाही व तो अक्षावर कोठे बसतो हे तिला सांगता येत नाही. म्हणून आलेखामागील फाइल रोमन अंकांतच ठेवावी लागते, आणि अक्षावर छापताना तेवढे ते अंक देवनागरी रूपात बदलून घ्यावे लागतात. आलेखापुरते हे ठीक चालते. शेजारचे कोष्टक मात्र पुष्कळदा लेखकाने वेगळे, हाताने, देवनागरीत उतरवून काढलेले असते. मग १ च्या जागी ९ पडला आहे की काय हे पाहण्यासाठी कोष्टकाची ओळ न् ओळ फाइलीशी ताडून पाहण्याचे काम मुद्रितशोधकाकडे येते.